२० मार्कांना पास करा म्हणे, आणि वही फिरवणाऱ्या पोराचं काय?

पाटीपेन्सिल: काल इथे एकाने लिहिलं होतं की २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात सुचवलंय तसं दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० ला पास करून टाका, मार्कशीटवर ‘पुढे गणित घेता येणार नाही’ असा शेरा मारा आणि मोकळे व्हा, ‘तसंही वर्गसमीकरण सोडवून कुणी भाजी आणलीये का’. हे भाजीचं वाक्य वाचून डोकंच फिरलं. मी घरी नववी-दहावीच्या शिकवण्या घेते. मागच्या आठवड्यात एक पोरगा आला, म्हटलं प्रमाणाचं मूलभूत प्रमेय लिही, तर पक्ष, साध्य, रचना, सिद्धता सगळं घडाघडा, पट्टीने रेघा मारून. मग मी एबीसी ऐवजी पीक्यूआर घेतला आणि त्रिकोणाचं टोक खाली करून दिलं. पाच मिनिटं नुसता बघत बसला, मग वही उलटी धरली आणि म्हणतो मॅडम आता येतंय. वही फिरवली हो त्याने! समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळं पायांच्या प्रमाणात का असतात विचारलं तर ‘गाईडात दिलंय’. त्याला ३५ काय ७५ पण पडतील, कारण पेपरात चौकटी भरायच्या कृती असतात आणि त्या पाठ होतात. प्रश्न पासिंगचा नाहीच, भूमिती शिकवतच नाहीत हा आहे.

तिसरा_बाक: भाजीवाला मीच. मॅडम, तुमच्याकडे फी भरून येणारी पोरं बघून तुम्ही बोलताय. माझी ताई दहावीला बाकी सगळ्यात पास, गणितात २७. ऑक्टोबरची वारी केली, पुन्हा २९. घरच्यांनी पुस्तकं रद्दीत घातली आणि पुढच्या वैशाखात लग्न. ती आज शिवणाचं दुकान चालवते, ब्लाऊजचं माप घेऊन कापड किती लागेल ते तोंडी सांगते, तिला कसली येते समरूपता? २० ला पास असती तर नर्सिंगला गेली असती असं अजून म्हणते. वही फिरवणारा पोरगा परवडला.

पाटीपेन्सिल: ताईचं वाईट वाटलं, खरंच. पण माप बघून कापड सांगते म्हणजे तिला समरूपता येते, फक्त ती तीच आहे हे तिला कुणी दाखवलं नाही. माझं म्हणणं तेच तर आहे.

तिसरा_बाक: हो का, मग तिला सांगतो तुझी भूमिती छान आहे म्हणून.

खडूची_धूळ: जि.प. हायस्कूलला २१ वर्षं गणित शिकवतोय. वर्गात ६५ पोरं, दोन पेपर ४०-४० चे, वर २० अंतर्गत, आणि त्यात आम्ही मतदार याद्या करायच्या, सर्वेक्षणं करायची, ऑनलाइन माहिती भरायची. टोक खाली केलेला त्रिकोण काढायला मला पण आवडेल मॅडम, पण त्या दिवशी मी तहसीलला असतो. आणि नववीत येणाऱ्या पोरांना तीन साते विचारलं तर बोटं मोजतात. खालचा पायाच गेलाय. ते २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसला वीस एक, वीस दोन आणलं ना, तिथूनच वाट लागली.

रमाकाकू: सर अगदी मनातलं बोललात!! त्रेसष्ट म्हणायचं सोडून साठ तीन! भाषेचा खूनच की तो.

स्टुटगार्टकर: काकू, पुस्तकात दोन्ही दिलं होतं, जुने शब्द कुणी काढले नव्हते. मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी तेव्हा हेच सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं. आणि सर, त्या वर्षीची दुसरीतली पोरं तुमच्याकडे आता कुठे येतायत, तुम्ही तर २१ वर्षं रडताय.

रमाकाकू: तुम्ही जर्मनीत बसून आम्हाला मराठी शिकवू नका.

स्टुटगार्टकर: बरं जर्मनीचंच ऐका. इथे पण ६३ ला ‘तीन आणि साठ’ म्हणतात, आपल्या त्रेसष्टसारखंच उलटं. माझी मुलगी दुसरीत ६३ चे ३६ लिहायची, बाईंनी सांगितलं सगळेच लिहितात. उलट कानडीत बघा, इप्पत्तोंदु म्हणजे सरळ वीस-एक. त्यांची भाषा मेली का?

खडूची_धूळ: म्हणजे तुम्हीच सांगताय की उलटं बोलूनसुद्धा जर्मन लोक यंत्रं बनवतात. मग आमच्या त्रेसष्टने काय घोडं मारलंय?

स्टुटगार्टकर: … बरं, हा एक पॉइंट तुमचा.

फिटर_भाऊ: माझ्या किराणावाल्याच्या पोराला एकोणसाठ सांगितलं तर त्याने ६९ घेतले. दहा रुपये गेले माझे या वादात. एकोणनव्वद म्हणायचं आणि नव्व्याण्णवला मात्र एकोणशंभर नाही, हे मला चाळिशीत पण झेपलेलं नाही.

रमाकाकू: झेपत नाही कारण पाढे नाहीत. आमच्या वडिलांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे तोंडपाठ होते, गुळाच्या अडत्याकडे हिशेब लिहायचे. तुमचं बीजगणित त्यांच्यापुढे पाणी भरेल.

पाटीपेन्सिल: काकू, विषय भूमितीचा होता हो.

फिटर_भाऊ: मॅडम भूमितीवर बोलतो. आयटीआयला पहिल्या महिन्यात टेपर टर्निंगला, म्हणजे लेथवर निमुळतं कातायला, टॅन थीटा आला, अख्खा वर्ग गार. शाळेत तक्ता पाठ केलेला, पण टॅन म्हणजे उतार किती हे मास्तरांनी जॉब हातात देऊन दाखवलं तेव्हा कळलं. मी दहावीला ३६ वाला. म्हणून तिसरा_बाक यांचं पास करायचं पटतं, पण शेरा नको, दोन मार्क कमी पडले असते आणि शेरा मारून दार बंद केलं असतं तर मी तिथे पोचलोच नसतो.

तिसरा_बाक: शेऱ्याचं मी पण मानतो, शेरा नको. सीबीएसईला स्टँडर्ड आणि बेसिक दोन गणितं आहेत तसं करा. आपल्याकडे सामान्य गणित होतंच की, तेही काढून टाकलं.

खडूची_धूळ: काढलं कारण निकाल वाढवायला शाळा चांगल्या पोरांना पण त्यात ढकलायच्या. मी बघितलंय.

पाटीपेन्सिल: बघितलंय, की ढकललंय सर?

खडूची_धूळ: ढकललंय. हेडमास्तरांचा आदेश होता. झालं समाधान?

स्टुटगार्टकर: काकू, एवढं आहे तर सांगा, औट साते किती?

रमाकाकू: साडेचोवीस. तुम्ही मोबाईल काढलात ना तपासायला?

स्टुटगार्टकर: आधी औट म्हणजे किती ते शोधलं. साडेतीन.