प्रति: पुढच्या महिन्यातले कार्यक्रम - पहिल्या रांगेचा आग्रह

'जागा लहान आहे, पहिली रांग मिळाली तर सोडू नका' हे पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमांच्या यादीवर दोघातिघांनी लिहिलंय. बिनमाइकच्या मैफलीसाठी अगदी मान्य. यादीतल्या एकट्या सतारीच्या कार्यक्रमाला जितकं पुढे बसाल तितकं उत्तम, मिंडेतला (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यातला) बारीक आसही, म्हणजे मागे रेंगाळणारा नादही, ऐकू येतो. पण ड्रम्स आणि गिटार अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर) असलेल्या बँडला पहिली रांग घेऊ नका. छोट्या जागेत ड्रम्सचा आवाज स्पीकरमधून यावा लागत नाही, तो थेट अंगावर येतो. गायकाचा आवाज मात्र मुख्य स्पीकरमधूनच येतो, आणि ते बहुधा मंचाच्या दोन्ही कडांना, डोक्याच्या वर, मागच्या श्रोत्यांकडे रोखलेले असतात. पहिल्या रांगेच्या मध्यावर त्यांचा झोत नीट पोचत नाही. झांजा कानठळ्या बसवतात आणि गाण्याचे शब्द हरवतात. साउंडवाल्याने गायकाचा आवाज वाढवला, तर माइक शिट्टी मारू लागतो. म्हणून तोही एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही.

तिसरी-चौथी रांग, साधारण मध्यावर, ही माझ्या मते सगळ्यात चांगली जागा. साउंडचं टेबल श्रोत्यांमध्येच असेल तर त्याच्या जरा पुढे बसा, कारण सगळ्या आवाजांचं मिश्रण तिथल्या कानांनी ठरतं. मागच्या भिंतीला टेकून किंवा कोपऱ्यात बसू नका, तिथे बेस (खालचे सूर) फुगून घुमतो. आणि इअरप्लग न्याच. फोमचे चालतील, पण ते वरचे सूर जास्त कापतात. संगीतासाठीचे फिल्टरवाले मिळतात, त्यात आवाज मंद होतो आणि शब्द स्पष्ट राहतात.