मदत हवी आहे : डाग पडलेलं वेस्ट एन्ड सोवार प्रायमा घड्याळ, घेऊ की सोडू?

नमस्कार मंडळी,

राहायला मालवणला. कणकवलीत एका वयस्कर घड्याळजींकडे वेस्ट एन्ड वॉच कंपनीचं सोवार प्रायमा बघून आलोय आणि ते काही डोक्यातून जात नाही. चावीचं घड्याळ, सेकंदाचा काटा सहाच्या जागी छोट्या वर्तुळात. पुन्हा विकायचा विचार नाही. माझ्याकडे एचएमटीची जनता आणि पायलट आहेत, त्यांच्या शेजारी हे राहील, चतुर्थीला-बिर्थीला हातावर येईल, एवढंच.

आता दुखणी सांगतो. डायल मूळची पांढरी असावी, आता पिवळट झालीय आणि तीन ते पाचच्या मध्ये तपकिरी ठिपके आहेत. 'बॉम्बे कलकत्ता' ही ओळ मात्र नीट वाचता येते. आकड्यांवरचं रेडियम काळपट पडलंय, अंधारात अजिबात चमकत नाही. तासकाटा आणि मिनिटकाटा एकमेकांचे नाहीत : एक पोकळ, रेडियम भरायचा, दुसरा साधा, बारीक. चावीचं बोंड नंतर कुणीतरी बसवलेलं. केसचा मुलामा पट्ट्याच्या कानांपाशी उडून पितळ दिसतंय, मागच्या झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलंय. काचेवर ओरखडे, पण काचेचं मला काही वाटत नाही. शिवाय घड्याळ तासाला दहा-बारा मिनिटं पुढे पळतं. दुकानात बसल्या बसल्याच लक्षात आलं.

किंमत ४,५०० सांगितली. वर म्हणाले, "हजार जास्त द्या, मुंबईहून डायल नवी करून आणतो, शोरूममधलं वाटेल." घरून मत आलं की पैसे देऊन डागाळलेली वस्तू कोण आणतं, नवीच करून घ्या. त्यातही तथ्य आहेच म्हणा.

तर, डायल करून घ्यावी का? पुढे पळणं किती गंभीर? आणि आपल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या घड्याळात आणखी काय बघायचं?

टिकटिक :
डायलला हात लावू देऊ नका. पुन्हा रंगवलेली डायल लांबूनच ओळखू येते : अक्षरांची जाडी कमीजास्त, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, सहाच्या खालचं 'स्विस मेड' बऱ्याचदा गायब. सेकंदाच्या वर्तुळातल्या बारीक कोरीव रेषा रंगाखाली बुजतात त्या वेगळ्याच. बाजारात पायलटच्या डायली कुठल्याकुठल्या रंगांत मिळतात ते तुम्ही पाहिलं असेलच. ठिपके हे त्या घड्याळाचं वय आहे, ते राहू द्या.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ते रेडियम बहुधा खरंच रेडियम आहे. १९६०च्या दशकापर्यंत घड्याळांत ते सर्रास वापरत. चमकत नाही म्हणजे संपलं असं नाही. त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड थकतं म्हणून उजेड जातो, रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षं. काच-झाकण न उघडता घड्याळ अधूनमधून घालायला हरकत नाही. धोका आहे तो भुकटी नाकातोंडात जाण्याचा, आणि नवी डायल करणारा आधी जुनी खरवडतो. त्यालाही ते सांगायला हवं, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. काच काढून घरच्या टेबलावर फुंकर मारायचा मोह तुम्हीही टाळा.

आता पुढे पळण्याचं. एवढं पळत असेल तर ती बहुतेक चांगली बातमी आहे. हेअरस्प्रिंग म्हणजे घड्याळाची लय राखणाऱ्या बॅलन्स चाकावरची केसासारखी बारीक स्प्रिंग. तिचे वेढे एकमेकांना चिकटले की स्प्रिंग आखूड झाल्यागत वागते आणि घड्याळ धावत सुटतं. वेढे चिकटतात ते तेलाने किंवा चुंबकत्वाने. तेल असेल तर सफाई, चुंबकत्व असेल तर डीमॅग्नेटायझरवर दोन मिनिटांचं काम. भाव करताना मात्र हे बोलू नका!

खाडीकाठ :
माझं मत जरा वेगळं. काटे दुसरे, चावी दुसरी, केस पितळेची आणि मुलामा गेलेला. 'स्टेनलेस स्टील बॅक'चा अर्थ स्टील फक्त मागच्या झाकणापुरतं. घामाने ती पितळ हिरवी पडत जाणार. संपूर्ण स्टीलच्या केसमधलंही सोवार प्रायमा मिळतं, थोडं थांबा. घाई घड्याळाला नाही, तुम्हाला आहे.

आबा_देवगड :
माका विचारशील तर घे. डायलीर डाग आसत ते आसांदेत, पण मशिनीक गंज आसलो तर सोडून दी रे बाबा. झाकण उघडूक सांग. जो उघडूक नाय म्हणता, तेच्याकडसून काय्येक घेव नको.

टिकटिक :
आबांशी शंभर टक्के सहमत. झाकण उघडल्यावर पहिल्यांदा चावीच्या दांड्याकडे, म्हणजे स्टेमकडे बघा. दमट हवा तिथूनच आत शिरते, त्यामुळे गंज तिथून सुरू होऊन चावीच्या चाकांकडे सरकतो. नुसत्या स्टेमवर असेल तर स्टेम बदलता येतो. हेअरस्प्रिंगवर लाल ठिपका दिसला तर नमस्कार करून बाहेर पडा. बॅलन्सच्या मधल्या खड्यावर वीणेच्या आकाराची बारीक सोनेरी स्प्रिंग दिसते का तेही बघा. ती इन्काब्लॉक, धक्क्यापासून बचाव करणारी. ती नसेल तर एकदा हातातून पडलं की बॅलन्सचं टोक मोडू शकतं. मग घड्याळ आधी डायल वर आणि नंतर डायल खाली करून कानाला लावा. दोन्हीकडे ठोका सारखा हवा. एका बाजूला दमल्यासारखा वाटला तर टोक झिजलंय.

धागाकर्ता :
जाऊन आलो. झाकण उघडायला सांगितल्यावर घड्याळजी उलट खूशच झाले, भिंग माझ्याच हातात दिलं. स्टेम गंजलेला आहे, त्याला लागून एका चाकाच्या कडेला थोडी लाली. बाकी मशीन स्वच्छ. वीणेची स्प्रिंग आहे. हेअरस्प्रिंगचे दोन वेढे खरोखरच चिकटलेले होते. त्यांनी डीमॅग्नेटायझरवर धरलं, काही फरक नाही, म्हणजे तेलच. ठोका दोन्हीकडे सारखा.

खाडीकाठ, तुमचं पितळेबद्दलचं म्हणणं पटलं, पण रोज घालणार नाही म्हणून धाडस केलं. नवा स्टेम आणि सफाई धरून ४,२०० ला ठरलं. डायल करायची नाही म्हटल्यावर घड्याळजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी हापूस सोडून रायवळ मागतोय. मुलामाही पुन्हा चढवू नका म्हणून सांगून आलोय.

आता प्रश्न काट्यांचा. जुळणारी जोडी शोधावी की आहेत तेच ठेवावेत?

टिकटिक :
जोडी शोधा, पण आधीचे काटे कागदाच्या पुडीत नाव घालून ठेवा. त्यातला रेडियमवाला प्लास्टिकच्या बंद पिशवीत. नवे काटे नुसत्या लांबीवरून घेऊ नका, भोकाचं माप जुळावं लागतं आणि ते मशीनप्रमाणे बदलतं. मशीनचा नंबर साधारणपणे बॅलन्सच्या खाली प्लेटवर कोरलेला असतो. लांबीचा अंदाज सोपा : मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेघांना टेकायला हवं, तासकाटा आकड्यांच्या आतल्या कडेपर्यंत. पावसाळ्यात घड्याळ हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या ओलावल्या की बदला. लाकडी कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी नको.

धागाकर्ता :
घड्याळ सफाईसाठी तिथेच आहे, त्यामुळे नंबर फोनवर विचारून इथे टाकतो. कुणाकडे मोडीत काढलेल्या वेस्ट एन्डचे पोकळ काटे पडून असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एकच असला, तरी चालेल. मला मिनिटकाटाच हवाय.