आदेश काढला की खुली मानकं येतात?

कोपरीकर:
काल इथे लिहिलं गेलं, ‘सरकारी कार्यालयांत लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर टाका, परवान्यांचे पैसे वाचतील, विषय संपला.’ वाचून चिडचिड झाली. खुलं मानक म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर नव्हे हो! फाइल कुठल्या स्वरूपात साठवायची, म्हणजे ती एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अडून राहणार नाही, हा प्रश्न आहे. ओडीएफ या खुल्या फाइल-स्वरूपाला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता २००६ची, केंद्राचं खुल्या मानकांचं धोरण २०१०चं. तरी ठाण्यात आमच्याकडे अजून मायक्रोसॉफ्ट वर्डची डॉक फाइलच फिरते. जुने नमुने, मॅक्रो (फाइलमध्ये साठवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा), तक्ते कोण बदलून देणार? निविदेत त्याचा उल्लेखच नसतो.

ऐरोलीकर:
ते मीच लिहिलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएल या फाइल-स्वरूपाला आयएसओत भारतानं विरोधी मत दिलं होतं. भूमिका इतकी स्पष्ट असताना ‘आमचे नमुने’ किती वर्षं सांगणार?

सीवूड्सवाली:
फाइलचं राहू द्या, आधी फॉन्टचं बोला. बाबांच्या पेन्शनचा आदेश एका कार्यालयानं मेलवर पाठवला. उघडला तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. जुना फॉन्ट! पडद्यावर ‘क’ दिसतो, आत साठलेलं असतं भलतंच अक्षर. तो फॉन्ट नसेल तर वाचता येत नाही, नाव शोधलं तर सापडत नाही. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारं मानक म्हणजे युनिकोड; त्यात देवनागरी १९९१पासून आहे. सत्तरीच्या माणसाला तीन खेपा पडल्या.

निवृत्त लिपिक:
ताईंचा त्रास खरा, पण दोष आमच्या माथी नको. मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टंकयंत्राच्या मांडणीवर, देऊन नोकरीला लागलो. पन्नाशीत युनिकोडसाठी इनस्क्रिप्ट ही वेगळी कळफलक मांडणी शिका म्हणाले. टेबलावर रोजचा ढीग, वेग निम्म्यावर, वर साहेबांची बोलणी. तुम्ही बसून दाखवा एक दिवस!

ऐरोलीकर:
काका, युनिकोडचा कळफलकाशी संबंध नाही! रेमिंग्टन मांडणीतही युनिकोड टंकता येतं. हे माहीत नसताना विरोध केलात, आणि भोगलं लोकांनी.

कोपरीकर:
आवाज खाली. त्यांना हे सांगायचं काम कुणाचं होतं? तुमच्या ‘टाका आणि संपला’मध्ये ते कुठे आहे?

ऐरोलीकर:
बरं. प्रशिक्षणाचं मी लिहिलं नव्हतं, ते चुकलं. पण निविदेत ओडीएफ आणि युनिकोडची अट हवीच, त्यावर मी हटणार नाही.

निवृत्त लिपिक:
मांडणी तीच राहणार होती, तर माझा विरोध कशाला असता? शेवटची सहा वर्षं मी इनस्क्रिप्टवर दोन बोटांनी काढली.