मदत हवी आहे : कार्बन फायबरच्या पायाचे थर सुटताहेत

कृत्रिम पायाचं पातं कार्बन फायबर-इपॉक्सीचे (कार्बनचे तंतू आणि ते चिकटवून ठेवणारं रेझिन) १६ थर रचून बनवतोय. बहुतेक थरांचे तंतू ० अंशात, म्हणजे पात्याच्या लांबीच्या दिशेने; वर-खाली ±४५ अंशांचे, म्हणजे तिरपे. बोटांकडे लवचीकपणा हवा म्हणून तिकडे थर कमी करत नेलेत. पुढच्या भागावर भार दिला की आधी बारीक ‘टक्’ ऐकू येतं, मग कडेला केसाएवढी फट दिसते. तंतू शाबूत आहेत, थरच वेगळे होताहेत, तेही नेमके जिथे दोन थर एकाच रेषेत संपवलेत तिथे. (आळस नडला, दुसरं काय!)

आता थर किती अंतराने संपवू? संपणारे थर मध्ये ठेवून वरून अखंड थर घालणं पुरेल का? आयएसओ २२६७५ (कृत्रिम पावलांच्या चाचणीचं मानक) मधली २० लाख आवर्तनं, म्हणजे तितक्या वेळा भार देणं-काढणं, गाठायची आहेत. कुणी केलंय असं?