लाकूड-कॅनव्हासच्या जुन्या कॅनूचं वय कसं काढावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत मेन राज्यात राहतो. शेजारच्या आजोबांनी घर विकताना कोठारात आढ्याला टांगलेली कॅनू (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) आम्हाला देऊन टाकली. ती त्यांच्या वडिलांची. त्यांना कळतंय तेव्हापासून ती घरात आहे, पण साल माहीत नाही. त्यांच्या हयातीत ते शोधून त्यांना सांगावं असं फार मनात आहे. शिवाय दुरुस्तीत जुनं किती राखायचं हेही त्यावरच ठरेल.

लांबी १७ फूट. आतून सीडरच्या फासळ्या आणि पातळ फळ्या, पितळी चुकांनी ठोकलेल्या. काठ उघडे आहेत, म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये फासळ्यांची टोकं दिसतात. कॅनव्हासवरचा हिरवा रंग उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा तडकलाय. कंपनीचं नाव कुठेच नाही. आत तळाशी, टोकाच्या वाकवलेल्या लाकडावर आकडे ठोकलेत, पण व्हार्निशच्या थरांखाली शेवटचे '१७' तेवढे लागतात. काठाला काही स्टार स्क्रू आहेत, म्हणून एक ओळखीचे म्हणतात की कॅनू दुसऱ्या महायुद्धानंतरची. हे पटावं का? आणि लाकूड न दुखावता आकडे कसे वाचावेत?

प्रतिसाद १

तो १७ म्हणजे लांबीच. मेनमधली ओल्ड टाऊन ही कॅनू बनवणारी कंपनी अनुक्रमांकानंतर लांबीचे फूट ठोकत असे, त्यामुळे कॅनू तुमच्याच राज्यातली असण्याची शक्यता बरीच. स्क्रूवरून वय ठरवू नका. स्टार स्क्रू १९३० च्या दशकात आले हे खरं, पण ते नंतरच्या दुरुस्तीतलेही असतील. कॅनव्हासचंही तेच, तो दर काही दशकांनी बदलतातच. काठ उघडे आहेत म्हणजे अगदी सुरुवातीची नसावी. त्या काळच्या बऱ्याच नावांच्या काठावर झाकणपट्टी असे.

सँडपेपर अजिबात लावू नका, अंक कायमचे जातील. शिवाय जुन्या रंगात आणि कॅनव्हासच्या भरणीत शिसं असतं, त्याची धूळ वाईट. व्हार्निश काढायचं द्रावण मऊ ब्रशने लावा, पुसा, मग अंधारात टॉर्च आडवा धरून फोटो काढा. दुसऱ्या टोकालाही तोच क्रमांक असतो, तोही बघा.

धागाकर्ता

खूप आभार! आडव्या उजेडात जवळजवळ सगळं लागलं. दोन्ही टोकांना एकच अंक अडतोय: ३ की ८?

प्रतिसाद २

३ धरून एक आणि ८ धरून एक, असे दोन्ही क्रमांक वुडन कॅनू हेरिटेज असोसिएशन या जुन्या लाकडी कॅनूंच्या संस्थेतल्या लोकांना पाठवा. कारखान्याची जुनी नोंदपत्रं त्यांच्याकडे आहेत: लांबी, लाकूड, कॅनव्हास कधी चढवला, रंग कोणता, नाव कधी नि कुठे रवाना झाली. ज्या पत्रावर १७ फूट आणि तुमच्यासारखेच काठ असतील, ते तुमचं. हिरवा जुळला नाही तर बिचकू नका, रंग मागाहून बदललेला असू शकतो. रवानगीचं गाव मात्र आजोबांना आवर्जून विचारा.