बँकेतलं पहिलं वर्ष: तुम्ही कुठे आपटलात?

पदवीनंतर थेट बँकेत किंवा वित्तसंस्थेत लागलेल्यांनी पहिल्या एक-दोन वर्षांचे अनुभव लिहावेत. पगार-बढती नको, त्यावर भरपूर लिहून झालंय. कामाचं लिहा. सुरुवात मीच करते.

मी क्रेडिटला, म्हणजे कर्जाचे अर्ज तपासायला लागले. पहिलंच प्रपोजल, आकडे देखणे: विक्री १०० वरून १२०, नफाही वाढलेला. मी मंजुरीची शिफारस लिहून मोकळी. साहेबांनी काही न बोलता येणेकऱ्यांच्या, म्हणजे उधारीवर माल नेलेल्यांकडून यायच्या रकमेच्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल केला. २५ चे ४५ झाले होते. "दिवसांत काढ." काढले. आधी उधारी वसूल व्हायला ९१ दिवस लागत, आता १३७. विक्रीत वाढलेले २० जसेच्या तसे उधारीत जाऊन बसले होते! रोख प्रवाहाचं पत्रक उघडलं, तर कामकाजातून आलेली रोकड उणे. ते पत्रक फायलीत होतं बरं का, फक्त शेवटी होतं, म्हणून मी तिथवर पोचलेच नव्हते. "हप्ता नफ्यातून नाही, रोकडीतून भरतात," एवढं बोलून साहेब जेवायला गेले. अजूनही मी फाईल मागून वाचायला घेते.

ऑपरेशन्समधून

काम पेमेंटचे तपशील भरायचं. 'हे काय पदवीधराचं काम' असं तोंड करून मीही सहा महिने काढले. तेव्हा परदेशी पेमेंट स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावरच्या एमटी १०३ नावाच्या संदेशातून जायचं (आता आयएसओ २००२२ या नव्या नमुन्याचे संदेश आलेत). त्यात ७१ए नावाचा एक रकाना. तीन अक्षरांचा. 'अवर' (OUR) टाकलं की सगळे शुल्क पाठवणाऱ्याच्या माथी, 'शा' (SHA) टाकलं की दोघांत वाटून. ग्राहकानं पहिलं मागितलं होतं, मी सवयीनं दुसरं टाकलं. मधल्या बँकेनं आपलं शुल्क रकमेतूनच कापलं, पुरवठादाराला बिलापेक्षा कमी पैसे पोचले आणि त्यानं माल अडवला. रक्कम बरोबर, खातं बरोबर, नाव बरोबर. चूक त्या तीन अक्षरांत! तपासणाऱ्या चेकरनंही डोळे मिटून पास केलं होतं, पण नोंद करणारा मेकर मी होतो.

सक्तीच्या सलग रजेवरही मी असाच वैतागायचो. मग कुणीतरी बेअरिंग्ज बँकेची गोष्ट सांगितली. १७६२ ची बँक, १९९५ मध्ये बुडाली. सिंगापूरला सौदे करणारा आणि त्यांचा हिशेब मिटवणारा विभाग, दोन्ही निक लीसन या एकाच कर्मचाऱ्याच्या हाताखाली होते. तोटा ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात लपवत गेला, एकूण सुमारे ८२.७ कोटी पौंड. तुम्ही रजेवर असताना तुमच्या टेबलावर दुसरा बसतो, लपवलेलं काही असेल तर त्याला दिसतं; रजा त्यासाठीच असते. तेव्हापासून कुरकुर बंद.

काउंटरवरून

वर एवढं मोठं मोठं वाचून माझं सांगायला संकोच वाटतोय. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी ५४ चा फरक. सगळे घरी निघालेले आणि मी व्हाउचरं पुन्हा पुन्हा चाळतेय. शेजारच्या मॅडमनी पर्स खांद्यावर ठेवूनच विचारलं, "नऊनं भाग जातो का?" जात होता. "मग आकडे उलटे बसलेत, तसं शोध." दोन मिनिटांत सापडलं: ८२ चे २८. पदवीला हिशेबशास्त्र होतं, पण हे कुणी शिकवलं नव्हतं.

सोडून गेलेला

मला 'रिलेशनशिप' असं गोंडस पद होतं. काम म्हणजे टार्गेट. मामांनी विश्वासानं मुदत ठेवीसाठी पैसे आणले, मी महिनाअखेरीच्या दडपणात त्यांना विम्याची दीर्घ मुदतीची पॉलिसी विकली. खोटं काही बोललो नाही. मुदतीआधी मोडली तर किती कापलं जाईल, ते मात्र त्यांनी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांना पैशांची गरज लागली. मामा आजही बोलतात माझ्याशी, पण पैशांचं बोलत नाहीत. मी चौदाव्या महिन्यात राजीनामा दिला. सगळीकडे असंच असतं असं म्हणणार नाही. मुलाखतीत 'माझं मूल्यमापन नेमकं कशावर होणार?' एवढं मात्र विचारून घ्या.

कम्प्लायन्समधून (नियम पाळले जातात का ते बघणारा विभाग), पदवी साहित्याची

हसू नका, मला घेतलं ते लिहिता येतं म्हणून. सिस्टिम संशयास्पद व्यवहारांचे इशारे देते, त्यातले बरेच फुसके निघतात. फुसका आहे हे ठरवलं की का ठरवलं ते लिहून ठेवायचं, अशा भाषेत की तीन वर्षांनी तपासायला आलेल्या परक्या माणसालाही पटावं. माझं पहिलं टिपण होतं, "व्यवहार ठीक वाटतो." परत आलं, शेरा एकच: "कुणाला?" आणि खरोखर संशय कळवला, तर त्या ग्राहकाला सुगावा लागू द्यायचा नाही. तो रोज समोर येऊन हसतो, आपणही हसायचं. मला हे सगळ्यात जड गेलं.

परीक्षा देणारा

सीएफए या गुंतवणूक-विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. तीन पायऱ्या, प्रत्येकीला ३०० तासांचा अभ्यास धरून चालतात. आणि पास झालात तरी सनद लगेच नाही: किमान ३६ महिन्यांत मिळून ४,००० तासांचा संबंधित अनुभव लागतो. मी रुजू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत फॉर्म भरला आणि धड काम शिकलो नाही, धड अभ्यास झाला नाही. एक वर्ष थांबलो असतो तर बरं.

काल रुजू झालेली

काउंटरवाल्या ताई, आज आमच्या बेरजेत ६३ चा फरक होता. भाग गेला! १८१ चे ११८ झाले होते. मीच टाकले होते, पण ते अजून कुणाला सांगितलं नाहीये.