कर्णाचं चांगलं ते कुंतीचं रक्त आणि वाईट ते संगतीचं? हे कसलं लॉजिक?

खडीसाखर

परवा एकाची पोस्ट सगळीकडे फिरत होती, 'रक्त कधी खोटं बोलत नाही'. सार असं की कर्ण सूताघरी वाढला तरी दानशूर निघाला, शूर निघाला, शब्दाला जागला, कारण मूळ रक्त क्षत्रियाचं. आणि द्रौपदीला भर सभेत जे बोलला ती दुर्योधनाची संगत. खाली 'अगदी खरं', 'शुद्ध बीजापोटी' वगैरे हात जोडलेले. गप्प बसायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

मला एवढंच सांगा, या हिशोबात अधिरथ आणि राधेच्या वाट्याला काय आलं? फक्त धुणी? गुण जन्मदात्रीचे, अवगुण मित्राचे, आणि ज्यांनी वाढवलं ते नुसते भाडेकरू ठेवल्यासारखे. अहो उद्योगपर्वात कृष्ण त्याला अख्खं राज्य देऊ करतो तेव्हा तो काय म्हणतो ते तरी वाचा. म्हणतो, मला बघून राधेला पान्हा फुटला, माझं हगणं-मुतणं तिने काढलं, अधिरथाने माझं जातकर्म केलं, वसुषेण नाव ठेवलं, वयात आल्यावर लग्नं लावून दिली, आता मुलंनातवंडं झाली, सगळी पृथ्वी दिलीत तरी हे मला खोटं करता येणार नाही. ज्या 'शब्दाला जागण्या'ला तुम्ही क्षत्रियाचं रक्त म्हणता ना, त्याचं कारण त्याने स्वतःच दिलंय आणि त्यात कुंती येते ती फक्त टाकून देणारी म्हणून. आणि पांडवांना जे कडू बोललो ते दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून बोललो, त्याचा आता ताप होतो, हेही तो तिथेच सांगतो. म्हणजे आपण काय केलं ते त्याला पक्कं माहीत आहे, पळवाटा शोधतोय आपण.

सातारी_कंदी

ताई राग मानू नका पण कवचकुंडलं जन्मतःच होती ना? का ती पण राधेने शिवून घातली? व्यासांनीच ठरवून टाकलंय की हे पोर वेगळं आहे. आणि तो भुंग्याचा प्रसंग? मांडी पोखरली, रक्ताची धार लागली, गुरूची झोप मोडू नये म्हणून हललं नाही पोरगं. परशुरामाने तिथंच ओळखलं, हे ब्राह्मणाचं काम नाही. ही सहनशक्ती शिकवून येते का?

आमच्याकडं खिल्लार खोंड घ्यायला गेलं की आधी त्याचा वंश विचारतात, मग दात बघतात, मग चाल. उगीच नाही. वळण लावता येतं, पण मुळात असावं लागतं. संस्कार संस्कार म्हणून पुस्तकी लोकांनी डोकं खाल्लंय.

खडीसाखर

भुंग्याचं बरं काढलंत. परशुरामाने विचारल्यावर कर्ण काय म्हणाला? मी सूत आहे म्हणाला. आता रथ-घोड्यांच्या घरात वाढलेल्या पोराने लाथा, चावे, लगामाने सोललेले हात बघितले नसतील का? एवढा सरळ अर्थ कोणालाच का सुचत नाही, लगेच क्षत्रियच कसा दिसतो?

आणि माणसाचा खोंड करू नका प्लीज.

पाचवा_कोपरा

दोन्ही पार्ट्या चुकीच्या आहेत असं माझं मत, कोणी विचारलेलं नाही तरी देतो.

धृतराष्ट्र, पंडू, विदुर. तिघांचं बीज एकाच व्यासांचं. तिघांना वाढवलं एकाच भीष्माने. एक पुत्रमोहात बुडालेला, एक रानात गेला, एक अख्ख्या दरबारात खरं बोलणारा, आणि तो खरं बोलणारा दासीचा. आता रक्तवाले म्हणतील आया वेगळ्या. ठीक. मग दुर्योधन आणि विकर्ण घ्या, आई एक, बाप एक, वाडा एक, गुरू एक. सभेत सगळे म्हातारे माना खाली घालून बसलेत आणि हा धाकटा उठून म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. रक्तही तेच, संस्कारही तेच, मग हा विकर्ण आला कुठून?

आणि त्याला गप्प कोणी केलं माहितीये ना? तुमच्या लाडक्या कर्णाने. लहान तोंडी मोठा घास घेऊ नको म्हणून झापला, द्रौपदीला वेश्या ठरवलं आणि वस्त्रं काढा म्हणाला. दुर्योधन मांडी दाखवायला नंतर आला हो.

सूर्यफूल

मला वाटलंच होतं कर्णाला झोडपायला सगळे जमणार 🙏 तिने आधी काय केलं ते पण सांगा ना! भर स्वयंवरात, धनुष्य उचललेलं असताना, 'मी सूतपुत्राला वरणार नाही' म्हणून सांगितलं. त्या जखमेचा विचार कोण करणार? माणूस जन्मापासून टाकलेला, रंगभूमीवर बाप कोण म्हणून विचारलेला, गुरूने नाकारलेला, मग एक दिवस तोंडातून वाईट निघालं तर लगेच राक्षस? मी नववीत मृत्युंजय वाचलं तेव्हा रात्रभर रडले होते. ज्याने ते वाचलं नाही त्याने कर्णावर बोलू नये.

एरंडोली

मृत्युंजय ही शिवाजी सावंतांची १९६७ ची कादंबरी आहे, महाभारत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने पोथ्या ताडून काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत द्रौपदीचा तो नकार मूळ पाठात घेतलेलाच नाही, हस्तलिखितांत मेळ नाही म्हणून तळटीपेत टाकलाय. तेव्हा 'जखम' रद्द समजा.

'गुरूने नाकारलेला' हे पण अर्धवट. आदिपर्वात राधेय म्हणजे कर्ण इतर पोरांबरोबर द्रोणाकडे शिकायला येतो, सरळ लिहिलंय. द्रोणाने नाकारलं ते ब्रह्मास्त्र. म्हणजे शाळा तीच होती जिथे अर्जुन होता.

सूर्यफूल

झालं, आले पुण्याचे तळटीपवाले. आमच्या आजीने सांगितलेलं, कीर्तनात ऐकलेलं, सिरीयलमध्ये बघितलेलं सगळं खोटं, आणि तुमच्या कपाटातलं खरं.

एरंडोली

मी पुण्याचा नाही. नावात गाव लिहिलंय. आणि कपाट म्हणाल तर १९१९ ते १९६६ एवढा काळ लोकांनी शेकडो पोथ्या शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघितली, १९ खंड झाले. सिरीयलचा लेखक एवढा थांबला होता का?

भर_दुपारी

पण काका सगळ्या पोथ्यांत नसेल तर मग लोकांना तो नकार का लागला? कोणीतरी कधीतरी मुद्दाम घातला ना? म्हणजे कर्ण असा का वागला याला कारण पाहिजे होतं. ऐकणाऱ्यालाच चैन पडत नाही, की एवढा भला माणूस असं का बोलला. मग द्रौपदीवर ढकला. मृत्युंजय त्याच रस्त्याची आणखी मोठी गाडी आहे, कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण सगळे 'मी, मी' म्हणून बोलतात, आणि माणूस 'मी' म्हणून बोलायला लागला की त्याचं सगळं पटतं. मी तर म्हणतो सावंतांनी मराठी माणसाला दोन पिढ्या कर्णाचा वकील करून ठेवलंय.

सूर्यफूल

वकील तर वकील! सावंतांनी निदान त्याला माणूस केलं. तुम्ही लिहून दाखवा एक पान.

एरंडोली

इरावती कर्व्यांचं युगान्त, महाभारतातल्या माणसांवरचे लेख, ते पण १९६७ चंच आहे हे सांगून ठेवतो. साहित्य अकादमी त्याला मिळाली. इरावतीबाई कुणालाच सूट देत नाहीत, कर्णालाही नाही. पण त्यावर रात्रभर रडता येत नाही ना, म्हणून खप कमी.

आणि रक्तवाल्यांसाठी एक. बाई विसाच्या दशकाच्या शेवटी बर्लिनला कवट्यांच्या मोजमापावर डॉक्टरेट करत होत्या, गाइड कोण तर वंशशुद्धीवाला फिशर. कवटीवरून वंशाचा वरचढपणा दिसतो हा त्याला पाहिजे असलेला निष्कर्ष बाईंनी दिला नाही, मोजमापात दिसत नाही म्हणून सांगितलं. जिने खरंच हातात कवट्या घेऊन मोजल्या तिला वंश दिसला नाही, आणि इथे लोकांना फोनवरून दिसतो.

निवांत_संध्या

मी इथे सहसा लिहीत नाही. आमचा मुलगा दत्तक आहे, आता कॉलेजात आहे, त्याला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून लिहायला हरकत नाही.

सहावीत असताना त्याने माझ्या पर्समधून दोनशे रुपये घेतले, मित्रांना वडापाव खाऊ घातला. मी रागावले, तो रडला, विषय संपला. पण सासूबाईंना कळलं आणि दिवाळीच्या फराळाला सगळे जमलेले असताना एक मावशी चकली मोडत म्हणाल्या, 'शेवटी कुणाचं रक्त आहे कोण जाणे गं'. तो दारात उभा होता. त्याच वर्षी आमच्या सख्ख्या भाच्याने बापाच्या सहीचा चेक भरून काढला होता, रक्कम सांगत नाही. त्याला काय म्हणाले? 'वयच आहे'.

नंतर हाच मुलगा तबल्यात बक्षिसं आणायला लागला तेव्हा त्याच मावशी म्हणाल्या, तुमच्या घरचे संस्कार.

म्हणजे आमच्याकडे उलटं आहे बघा. कर्णाचं चांगलं ते रक्ताचं, आमच्या मुलाचं वाईट ते रक्ताचं. फरक एवढाच की कर्णाची खरी आई राणी निघाली. ती कुणी मोलकरीण निघाली असती तर तुमची ती 'रक्त खोटं बोलत नाही' पोस्ट कशी लिहिली असती, हे मला फार वाटतं विचारावंसं.

सातारी_कंदी

ताई तुमच्या मावशीचं चुकलंच. त्यावर काय बोलणार.

पण मी माझं सांगतो. माझी दोन पोरं जुळी आहेत, दिसायला वेगळी पण एका दिवसाची. एका ताटात जेवली, एका शाळेत, मार पण सारखाच खाल्ला. एक जण पहाटे उठून धारा काढून मग अभ्यासाला बसतो, दुसऱ्याला अंगावर पाणी ओतलं तरी उठत नाही, पण गल्लीतलं कुत्रं जखमी झालं की हा रात्रभर त्याच्यापाशी. मी काय वेगळं शिकवलं? काहीच नाही. आतून आलंय ते. तेवढंच म्हणतोय मी, आणि लोक मला लगेच जातवाला ठरवायला निघालेत.

भर_दुपारी

अजून कोणी ठरवलं नव्हतं, तुम्हीच काढलंत. पण आता काढलंच आहे तर बोलूच. 'मुळात असावं लागतं', 'वंश विचारतात', हे वाक्य आमच्या आज्याने शाळेच्या दाराबाहेर ऐकलंय. तेव्हा कुत्र्याची गोष्ट छान आहे, पण या शब्दांना कुठला वास येतो ते आम्हाला विचारा.

सातारी_कंदी

माझ्या तोंडात जात घालायचं काम नाही. मी बैलाबद्दल बोललो. तुमच्या आज्याला बाहेर ठेवणारे वेगळे, त्यांच्याशी भांडा, आम्ही पण त्यांच्याच शेतावर राबलोय.

भर_दुपारी

बैलाबद्दल बोललात, कर्णाच्या धाग्यावर. बरं.

पाचवा_कोपरा

हे आता कर्णपर्वातलं शल्य-कर्ण भांडण झालं. युद्ध पुढ्यात आणि हे दोघे एका रथावर बसून एकमेकांच्या मुलखाची लाज काढतायत. कर्ण म्हणतो शल्याच्या मद्र देशातली माणसंच वाईट, बाया अशा, खाणं तसं. ज्याला आयुष्यभर जन्मावरून मोजलं तोच दुसऱ्याला मुलखावरून मोजतो, यावर एकही कादंबरी रडत नाही. शल्य म्हणतो तुझ्या अंगदेशात आजाऱ्याला टाकून देतात आणि बायकापोरं विकतात, आणि तसंही बरेवाईट सगळ्याच मुलखात असतात.

आणि सगळ्यात भारी दुर्योधन. रंगभूमीवर भीम म्हणतो जा चाबूक धर, तेव्हा हा कर्णाची बाजू घेताना एकाच भाषणात म्हणतो की शूरांचं आणि नद्यांचं मूळ शोधू नये, आणि लगेच पुढे, हरिणीच्या पोटी असा वाघ जन्मेल का! आधी म्हणतो कूळ बघू नका, मग म्हणतो बघा कूळ मोठंच असणार. आत्ता या धाग्यावर जे चाललंय ते सगळं त्याने एका दमात उरकलंय.

खडीसाखर

हे भाषण माझ्या ध्यानातच नव्हतं आलं, चला, दुर्योधनाला मार्क दिले.

सातारीदादा, तुमच्या दोन पोरांवरून एवढं मी मानते की सगळं घरच्यांच्या हातात नसतं. पण मग ते 'आतून आलेलं' बापाचं पण नाही ना? तुमच्यातलं कुठलं रक्त कुत्र्यापाशी रात्रभर बसतं? मग त्याला कूळ कशाला चिकटवायचं, पोराचंच राहू द्या की ते.

सातारी_कंदी

माझ्यातलं नाही, बायकोकडचं असेल 😄 बरं राहू द्या पोराचंच. पण विकर्ण कुठून आला हे तुमच्या संस्कारवाल्यांनी पण सांगितलेलं नाही अजून.

पाचवा_कोपरा

मीही नाही सांगणार. फक्त लक्षात असू द्या की विकर्ण बोलला तरी लढला कौरवांकडूनच, आणि भीमाने मारला. बाजू बदलली ती युयुत्सूने, धृतराष्ट्राचाच पण वैश्य बाईचा. आता यातून रक्त काढा नाहीतर संस्कार, मी झोपतो.

सूर्यफूल

सगळं मान्य. पण मयसभेत द्रौपदी हसली, 'आंधळ्याचं पोर आंधळंच' म्हणाली, तिथून सगळं पेटलं. हे तरी तळटीपेत नाही ना?

एरंडोली

प्रसंग प्रत्यक्ष सांगितलाय तिथे हसतात ते भीम आणि इतर भाऊ. द्रौपदी हसली हे दुर्योधन घरी जाऊन बापाला सांगतो. आणि 'आंधळ्याचं पोर' हे व्यासांनी तिच्या तोंडी कुठेच घातलेलं नाही. बापाचं व्यंग पोराला चिकटवणारं ते वाक्य मागाहून कोणालातरी सुचलं, आणि बघा, तेच सगळ्यांना पाठ आहे.

सूर्यफूल

तुम्हाला घरी कोणी गोष्टी सांगितल्या नव्हत्या का हो लहानपणी?